बिनगादीचा नवाब

वऱ्हाडाला एके काळी दोन नवाब होते. एक हैदराबादेस. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केले, ते कंटिन्जंट फौजेच्या खर्चापायी. मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा, आणि प्रांताचे सरकारी नाव 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. आपल्या साध्या भाषेत सांगायचे तर गहाणवट मुलूख. पुढे १९०२ साली लॉर्ड कर्झनने वर्षाकाठी पंचवीस लाख रुपये ठरवून हा मुलूख कायमच्या पट्ट्याने घेतला, तरी कागदोपत्री धनी निजामच राहिला.

दुसरा नवाब अमरावतीस राहत असे. त्याला गादी नव्हती, जहागीर नव्हती, पदरी फौजफाटा नव्हता. तो जातीने ब्राह्मण आणि धंद्याने वकील. त्याचे नाव गणेश श्रीकृष्ण खापर्डे. अमरावतीची जुनी माणसे नुसते 'दादासाहेब' म्हणत, आडनाव लावण्याची गरज पडत नसे. आणि 'वऱ्हाडचे नवाब' ही पदवी त्यांना कोणत्या बादशहाने नव्हे, लोकांनी दिलेली होती. पदवी देताना लोकांच्या ओठांवर थोडे हसू असेल, थोडे कौतुक असेल. वऱ्हाडी माणूस कौतुकदेखील चिमटा काढल्याशिवाय करीत नाही.

आज दादासाहेबांचे नाव घ्यावे तर समोरचा विचारतो, "ते शिरडीचे ना?" अकोल्याकडचा असेल तर शेगावच्या गजानन महाराजांच्या पोथीत त्यांची गाठ पडल्याचे सांगतो. दोन्ही खरेच. पण ज्या माणसाने तीस-पस्तीस वर्षे एका प्रांताचे राजकारण आपल्या दिवाणखान्यातून चालविले, त्याची ओळख केवळ एका भाविकाची उरावी, याचे मला नवल वाटत आले आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

दादासाहेबांचा जन्म २७ ऑगस्ट १८५४ चा, वऱ्हाडातल्या इंगरोलीचा. त्या दिवशी गणेशचतुर्थी होती, म्हणून नाव गणेश. घराणे मुळात श्रीमंत नव्हते. वडील श्रीकृष्ण नरहर ऊर्फ बापूसाहेब यांनी लहानपणी दारिद्र्य भोगले आणि अंगच्या चिकाटीने ते मामलेदारीपर्यंत चढले. म्हणजे 'नवाब' हे एका कष्टाळू मामलेदाराचे चिरंजीव. मुलाने गणितात फारसा उजेड पाडला नाही. संस्कृत आणि इंग्रजी वाङ्मय मात्र तो मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात आकंठ प्याला. १८७७ साली बी. ए., १८८४ साली एलएल. बी. त्यानंतर काही वर्षे त्यांनी वऱ्हाडात मुन्सफी आणि एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनरची नोकरी केली. नोकरीत पगार होता, मान होता, पेन्शन होते. १८९० साली ते सारे सोडून त्यांनी अमरावतीस वकिली थाटली.

आणि येथेच नवाबीचे बीज आहे. अमरावतीची वकिली म्हणजे त्या काळी काय चीज होती, हे समजून घेतल्यावाचून पुढचे काही उमगणार नाही.

अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. त्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर आली. त्याच दशकात रेल्वे अकोल्यावरून पुढे सरकली, पुढे बडनेऱ्याहून अमरावतीला फाटा निघाला. खामगाव, अकोला, अमरावती येथे कापसाच्या गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. सरकी काढायचे जिन आले, गठाणी बांधायचे प्रेस आले. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर जमिनीची मोजणी होऊन शेत शेतकऱ्याच्या नावाने लागले. शेत नावाने लागले म्हणजे ते गहाण टाकता येऊ लागले, विकता येऊ लागले, लिलावात जाऊ लागले. भाव चढला की शेतकरी कर्ज काढी, भाव पडला की सावकार फिर्याद लावी. त्यात देशमुख-देशपांड्यांच्या वतनांचे तंटे, दत्तकांचे तंटे, वाटण्यांचे तंटे. कापूस पिकेल त्या वर्षी दावे पिकत आणि कापूस बुडेल त्या वर्षी दावे जास्तच पिकत! अशा मुलखात संस्कृत धर्मशास्त्र मुळातून वाचलेला, इंग्रजीत कोणत्याही साहेबाला हार न जाणारा आणि उलटतपासणीत समोरच्याला हसता हसता उघडा पाडणारा वकील उभा राहिला, तर त्याच्याकडे पैसा कसा येईल ते सांगायला नको.

पैसा आला आणि आला तसा गेला. दादासाहेबांनी तो तिजोरीत साठविला नाही. दारात गाड्याघोडे, पंगतीला पाहुण्यांची दाटी, घरात शिकायला राहिलेले विद्यार्थी, ओसरीवर शास्त्री, गवई, नाटकमंडळींचे मालक, मागच्या दाराने मदतीला आलेला कोणी अडलेला. आमच्या लहानपणी मुले खर्चिकपणा करू लागली की वडीलमाणसे दटावीत, "काय खापर्ड्यांच्या वाड्यावर जेवतोस का?" मराठी रंगभूमीचा तो ऐन भराचा काळ. १९०५ साली मुंबईस पहिले नाट्यसंमेलन भरले, त्याच्या अध्यक्षस्थानी नाटककार नव्हे, नट नव्हे, तर अमरावतीचे हे वकील बसले. नाटकवाल्यांना आपला आश्रयदाता बरोबर ठाऊक असतो.

वाचक म्हणतील, हे झाले शौकीन गृहस्थाचे वर्णन. यात राजकारण कोठे आले? येथेच आले. गहाणवट मुलखाला कायदेमंडळ नव्हते. मुंबई-मद्रासला निदान नेमलेले चार एतद्देशीय सभासद कौन्सिलात बसत. वऱ्हाडचा कारभार हैदराबादचा रेसिडेंट पाही, आणि येथील प्रजा कायद्याने निजामाची, व्यवहाराने इंग्रजांची, प्रत्यक्षात कोणाचीच नव्हे. अशा प्रांतात चार माणसे एकत्र बसून सार्वजनिक गोष्ट बोलतील अशी जागा कोणती? एक वकिलांची खोली आणि दुसरा वकिलाचा वाडा. दादासाहेब नगरपालिकेत आणि जिल्हा बोर्डात वर्षानुवर्षे होते, पण खरी सभा भरे ती त्यांच्या घरी. पंगतीत बसलेला माणूस मताने विरुद्ध असला तरी ताटावरून उठून भांडत नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

त्या वाड्याची कसोटी १८९७ साली लागली. त्या वर्षीची राष्ट्रीय सभा अमरावतीस भरली. स्वागताध्यक्ष अर्थातच दादासाहेब. वर्ष कसले होते पाहा. आदल्या वर्षी पाऊस फसून दुष्काळ पडलेला. मुंबई-पुण्यात प्लेगने हाहाकार केलेला. जूनमध्ये पुण्यास रँडचा खून झालेला. सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची सजा झालेली. अशा वेळी देशभरच्या पाहुण्यांना घरी बोलावणे म्हणजे सरकारची वक्रदृष्टी ओढवून घेणे. तरी डिसेंबरअखेर ६९२ प्रतिनिधी जमले. अध्यक्ष मलबारचे सी. शंकरन् नायर, वय अवघे चाळीस. व्यासपीठावरून सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी तुरुंगातल्या टिळकांसाठी आपले मन आणि साऱ्या राष्ट्राचे मन कसे व्याकूळ झाले आहे ते सांगितले, तेव्हा मंडप हेलावून गेला म्हणतात. स्वागताध्यक्षांचा तर तो जिवलग स्नेहीच.

पण त्याच मंडपात आणखी एक बोल ऐकू आला. बंगालच्या बारिसालचे अश्विनीकुमार दत्त यांनी राष्ट्रीय सभेच्या या वार्षिक सोहळ्याला 'तीन दिवसांचा तमाशा' म्हटले. बंगाली माणसाच्या तोंडून हा शब्द 'गंमत' या अर्थाने आला असेल. वऱ्हाडातल्या श्रोत्यांपुढे मात्र ढोलकीच उभी राहिली असणार! यजमानाला हा बोल कसा लागला असेल? मला वाटते, फारसा लागला नसावा. कारण तीन दिवसांनी मंडप उतरला तरी दादासाहेबांचा वाडा उरलेले तीनशे बासष्ट दिवस उघडाच होता.

त्या काळच्या अमरावतीचे भाग्य असे की एकाच गावात तीन मोठे वकील होते. रंगनाथ नरसिंह मुधोळकर, मोरोपंत जोशी आणि खापर्डे. मुधोळकर शिस्तीचे, आकड्यांचे, अर्जविनंत्यांचे. वऱ्हाड सार्वजनिक सभेचा भार त्यांनी वाहिला आणि १९१२ साली बांकीपूरच्या राष्ट्रीय सभेचे ते अध्यक्ष झाले. मोरोपंत पुढे 'सर' होऊन मध्यप्रांताच्या कारभारात गृहमंत्रिपदाला चढले. दोघेही नेमस्त. तिघांत सर्वांत थाटाचे राहणारे, साहेबांत सर्वांत सहज वावरणारे खापर्डे. साध्या हिशेबाने तेच सरकारच्या बाजूला झुकायचे. झाले उलटे. नवाब जहाल निघाला. १९०७ साली नागपूरची ठरलेली राष्ट्रीय सभा भांडणापायी सुरतेस गेली आणि तेथे खुर्च्या-जोडे उडाले, ही कथा सर्वश्रुत आहे; मी ती उगाळीत नाही. एवढेच सांगतो की सुरतेनंतर राष्ट्रीय पक्षाने आपली बाजू मांडणारे जे निवेदन काढले, त्यावर टिळक आणि अरविंद घोष यांच्याबरोबर खापर्ड्यांची सही आहे. महिनाभरात, २९ जानेवारी १९०८ ला, अरविंदबाबू अमरावतीच्या राष्ट्रीय शाळेच्या पटांगणात 'वंदे मातरम्'वर बोलत होते.

१९०८ साल वऱ्हाड विसरणार नाही. त्या वर्षी अकोल्यास शिवजयंतीचा उत्सव झाला, टिळक आले, आणि सभेच्या व्यासपीठावर शेगावचे गजानन महाराज बसले होते असे दासगणूंनी 'गजानन विजय' ग्रंथात वर्णिले आहे. महाराजांनी तेथेच टिळकांना बेडी पडणार असे सुचविले. पुढे टिळकांना पकडल्यावर खापर्ड्यांनी कोल्हटकरांना शेगावी धाडले आणि महाराजांनी प्रसाद म्हणून भाकरी दिली. या कथेवर कोणी विश्वास ठेवो वा न ठेवो; मला तिच्यात वकिलाचा स्वभाव दिसतो. एकीकडे कायद्याची पुस्तके उलगडायची, दुसरीकडे शेगावी माणूस धाडायचा. कोणतेही कोर्ट वगळायचे नाही!

२२ जुलै १९०८ ला न्यायमूर्ती दावरांनी टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. १५ ऑगस्टला, म्हणजे पुरता महिनाही लोटला नाही तोच, दादासाहेब मुंबईच्या बंदरातून विलायतेला निघाले. काम एकच: प्रिव्ही कौन्सिलात टिळकांचे अपील.

वय चौपन्न. घरी खटले-खोकल्यांचा डोंगर, पंगत रोजची चालू, कमावणारा हात एक. वकिली म्हणजे दुकान नव्हे की मुनिमावर सोपवून यात्रेला जावे. वकील महिनाभर कोर्टात दिसला नाही तर अशील दुसऱ्याची पायरी चढतो. दोन वर्षे दिसला नाही तर त्याला नवी पिढी ओळखतही नाही. दादासाहेबांना हे कळत नव्हते असे म्हणणे म्हणजे त्यांच्या अकलेचा अपमान आहे. ते गेले आणि दोन वर्षे राहिले. लंडनमध्ये तेव्हा बिपिनचंद्र पाल होते, तरुण सावरकर होते. हिंदी विद्यार्थ्यांच्या सभांतून वऱ्हाडचा हा पगडीवाला दिसू लागला. प्रिव्ही कौन्सिलने अपिलाला परवानगी नाकारली. तरी ते पार्लमेंटातल्या सभासदांच्या, वर्तमानपत्रकारांच्या पायऱ्या झिजवीत राहिले. पदरी यश एक पैचे पडले नाही.

सप्टेंबर १९१० मध्ये ते परत निघाले, ते सरळ मुंबईस न येता रंगूनच्या वाटेने. ऑक्टोबरात मंडालेच्या तुरुंगात त्यांनी टिळकांची भेट घेतली. 'गीतारहस्य' ज्या कोठडीत लिहिले जायचे होते तेथे दोन मित्र समोरासमोर बसले. एकाच्या नशिबी अजून जवळजवळ चार वर्षे होती. दुसऱ्याच्या हाती दोन वर्षांच्या खटपटीचा शून्य हिशेब होता. वाड्यावरल्या पंगतींसाठी नव्हे, या रिकाम्या हातांनी केलेल्या फेरीसाठी मी दादासाहेबांना नवाब म्हणतो.

नोव्हेंबरात ते अमरावतीस पोचले आणि ५ डिसेंबरला शिरडीस गेले. पहिल्या खेपेस आठवडाभर राहिले. पुढच्या वर्षी डिसेंबरात पुन्हा गेले ते १९१२ च्या मार्चपर्यंत तेथेच. त्या दिवसांची त्यांची रोजनिशी प्रसिद्ध आहे. पहाटे उठणे, काकड आरती, ग्रंथवाचन, साईबाबांचे हसणे वा रागावणे, मंडळींच्या गप्पा. राजकारणाचा शब्द क्वचित. काहींचे म्हणणे असे की सरकार त्यांच्यावर टपून होते, म्हणून बाबांनी त्यांना जवळ ठेवून घेतले. 'श्री साईसच्चरितात' सांगितले आहे की भल्याभल्यांना शब्दांत गुंडाळणारे खापर्डे मशिदीत बाबांपुढे बसले म्हणजे मौन धरीत. अपील हरलेल्या वकिलाला दुसरे काय सुचणार? त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र तेथे खऱ्या रमल्या. त्यांचा नैवेद्य बाबांनी आवडीने खाल्ल्याची आणि त्यांच्या मुलाच्या प्लेगच्या गाठी बाबांनी आपल्या अंगावर दाखविल्याची कथा घरोघर वाचली जाते. नवाबाच्या घरची ही बाई फारशी कोणाला आठवत नाही. पण त्या न संपणाऱ्या पंगतीची चूल अखेर तिच्याच कारभारात होती.

टिळक १९१४ साली सुटले आणि दादासाहेब पुन्हा उभे राहिले. १९१६ च्या होमरूल लीगमध्ये ते होते. पुढे वरिष्ठ कायदेमंडळात गेले. एप्रिल १९१८ मध्ये व्हाइसरॉयने दिल्लीस युद्धपरिषद भरविली, तेव्हा स्वराज्याचा ठराव पुढे करणारे हेच गृहस्थ. व्हाइसरॉयने तो मांडूच दिला नाही. १९१९ साली रौलट बिलाला त्यांनी विरोध केला आणि त्याच साली होमरूलच्या शिष्टमंडळातून पुन्हा विलायत गाठली.

मग आले १९२०. १ ऑगस्टला टिळक गेले. डिसेंबरात नागपुरास गांधीजींच्या असहकाराचे निशाण लागले. वकिलांनी कोर्टे सोडावी, मंडळींनी कौन्सिले सोडावी. दादासाहेबांनी उघड विरोध केला. त्यांचा आक्षेप असा की हा कार्यक्रम राष्ट्राची शक्ती आत्मबळाच्या आणि नीतीच्या साधनेकडे वळवितो आणि राजकीय लाभ बाजूस पडतो. हे कोण म्हणतो? जो चार महिने शिरडीस काकड आरतीला बसला तो! आणि कोर्ट सोडायला कोण नाखूष? ज्याने बारा वर्षांपूर्वी कोणी न सांगता सोडले होते तो! पुष्कळांना यात विसंगती दिसते. मला दिसत नाही. देवाचे देवाजवळ आणि सरकारचे सरकारजवळ मागावे, असा त्यांचा हिशेब होता. मित्रासाठी स्वतःच्या मर्जीने पेढी बंद करणे निराळे आणि फर्मानाने करणे निराळे. नवाब फर्मान पाळीत नाही.

परंतु त्यांची बाजू घेताना एक गोष्ट मला गिळता येत नाही. वाड्याचा उंबरठा सर्वांना उघडा होता खरा, पण त्यावरून आत आले ते वकील, सावकार, शास्त्री, नाटकवाले. ज्या शेतकऱ्याच्या दाव्यांवर हे वैभव उभे राहिले तो अशील म्हणून आला आणि फी देऊन गेला. राजकारणाच्या पंगतीला त्याचे पान मांडलेले नव्हते. एप्रिल १९३० मध्ये अकोला जिल्ह्यात दहीहांड्याला खाऱ्या विहिरीचे पाणी आटवून लोकांनी मीठ केले, तेव्हा पुढे होते अकोल्याचे ब्रिजलाल बियाणी आणि त्यांचे सोबती. भोवती खेड्यापाड्यांतली माणसे. समुद्र शेकडो मैल दूर, म्हणून विहीर! ही कल्पना अमरावतीच्या दिवाणखान्यात सुचली नसती, आणि सुचती तरी तेथल्या कोणी चूल फुंकली नसती.

दादासाहेब तोवर पंचाहत्तरीला आले होते. काँग्रेसच्या बहिष्काराला न जुमानता ते दिल्लीच्या कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये गेले होते, आणि तेथे जुन्या गहाणखताने त्यांना गाठले. वऱ्हाड कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नव्हते, निजामाचे होते. सबब वऱ्हाडने मते देऊन प्रतिनिधी निवडायचा आणि मग सरकारने त्याला 'नेमलेला' सभासद म्हणून आत घ्यायचे! वऱ्हाडचा नवाब निवडून आला खरा, पण नोंद झाली ती सरकारनियुक्त म्हणून. कारण वऱ्हाडचा खरा नवाब हैदराबादेस होता.

१९३६ साली निजामाशी नवा करार झाला आणि त्याच्या युवराजाला 'प्रिन्स ऑफ बेरार' असा किताब मिळाला. बेरार म्हणजे आपले वऱ्हाड. १ जुलै १९३८ रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, दादासाहेब वारले. त्यांचे चरित्र त्यांचे पुत्र बाळकृष्ण ऊर्फ बाबासाहेब यांनी लिहिले; ते १९६२ साली निघाले. अमरावतीत 'खापर्डे बगीचा' हे वस्तीचे नाव आहे, रिक्षावाल्याला ते सांगितले की तो पुढे विचारीत नाही. आणि दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्यांच्या रोजनिशा आहेत, तरुणपणापासून म्हातारपणापर्यंतच्या, इंग्रजीत लिहिलेल्या. त्यांतली शिरडीची पाने छापून घरोघर गेली. कोर्टाची, लंडनची आणि मंडालेची पाने पाहावी म्हणून मला दिल्लीची गाडी धरावी लागली.